शेवटच्या सामन्याआधीचा शुक्रवार

क्लबात त्यांना सगळे मामा म्हणत. एकोणीस वर्षांचा नवा गोलकीपर मामा म्हणे आणि सत्तरी गाठलेले अध्यक्षसुद्धा मामाच म्हणत, त्यामुळे हे नक्की कोणाचे मामा हा प्रश्न कधी कोणाला पडला नाही. काम काय, तर फुटबॉल संघाचे कपडे सांभाळायचे. जर्स्या, चड्ड्या, मोजे, टॉवेल, बूट. धुवायचे, वाळवायचे, घड्या घालायच्या आणि सामन्याआधी ज्याचे त्याच्या खुंटीला लावायचे. ऐकायला सोपं वाटतं. ज्याला सोपं वाटत असेल त्याने भर पावसातल्या सामन्यानंतर चिखलाने माखलेले चव्वेचाळीस मोजे धुऊन जोडीला जोडी लावून दाखवावेत, मग बोलावं.

त्यांची एक रीत होती. वाळवणीच्या यंत्रातून जर्सी बाहेर आली की ती उलटी करायची, काखेपाशी नाक न्यायचं आणि एक लांब श्वास घ्यायचा. घाम राहिला असेल तर जर्सी परत धुवायला. साबण राहिला असेल तर परत नुसत्या पाण्यातून, कारण साबण राहिला की धावता धावता अंगाला खाज सुटते आणि पोरगं चेंडूकडे बघायचं सोडून खाजवत बसतं. यंत्राला यातलं काय कळतंय, असं मामांचं म्हणणं. खेळाडू टिंगल करत. नवा कोणी संघात आला की त्याला आधी हा कार्यक्रम बघायला घेऊन येत. मामांना त्याचं काही वाटत नसे. उलट बघायला कोणी आलं की ते नाक जरा जास्तच वर करून हुंगत.

स्टेडियमच्या पोटात, ड्रेसिंग रूमला लागून त्यांची खोली होती. खिडकी नाही. एका भिंतीला तीन धुलाई यंत्रं आणि दोन वाळवणीची, मधे लांबलचक टेबल, आणि उरलेल्या अर्ध्या खोलीत रेक्झिनचा एक उंच बाक. तो बाक चोळकाकांचा. चोळकाका म्हणजे संघाचे मालिशवाले. मामांपेक्षा आठ वर्षांनी मोठे, हाताचे पंजे भलेथोरले आणि जीभ त्याहून मोठी. त्यांना वेगळी खोली देतो असं क्लबाने बावीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं, ती अजून द्यायचीच आहे. तेव्हा बावीस वर्षं दोघं एका खोलीत, आणि बावीस वर्षं भांडणाचा विषय एकच, काकांचं मलम. काका ते स्वतः घरी बनवत. डबा उघडला की डोळ्यांत टचकन पाणी यावं इतका उग्र वास. मामा म्हणायचे, डबा बंद करा, माझ्या जर्स्यांना वास लागतो. काका म्हणायचे, लागू दे, समोरचा बचावपटू जवळ तरी येणार नाही. हे रोज. एखादा दिवस न भांडता गेला तर दोघांनाही चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

क्लब तसा फार मोठा नव्हे. देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये होता, पण तिथे कसाबसा टिकून होता. लीगचा कायदा असा की दरवर्षी तळातल्या तीन संघांनी खालच्या लीगमध्ये जायचं. खालच्या लीगमध्ये गेलं की निम्मे खेळाडू सोडून जातात, टीव्हीवाले फिरकत नाहीत, आणि मग क्लब आधी कोणाला घरी बसवतो? स्वयंपाकघरातल्या बाईंना, माळ्यांना, धुलाईवाल्यांना. त्यामुळे हरण्याजिंकण्याची धास्ती खेळाडूंइतकीच या खिडकी नसलेल्या खोलीलाही असायची. त्या वर्षी नऊ सामने उरले होते आणि संघ तळातून तिसरा होता.

आणि तेवढ्यात साथ आली. शनिवारच्या सामन्यासाठी मामांनी शुक्रवारी दुपारी जर्स्या खुंट्यांना लावल्या, आणि चार वाजता व्यवस्थापक येऊन म्हणाले, घरी जा, लीग बंद. किती दिवस ते कोणालाच माहीत नव्हतं. अकरा आठवडे त्या जर्स्या तशाच लटकत राहिल्या. आठवड्यातून एकदा परवानगीचा कागद खिशात घालून मामा यायचे, यंत्रं गंजू नयेत म्हणून नुसत्या पाण्यावर चालवायचे, आणि रिकाम्या ड्रेसिंग रूममध्ये थोडा वेळ बसून परत जायचे. अध्यक्ष वर्तमानपत्रांना सांगत होते की हे वर्ष रद्दच करावं, म्हणजे कोणी खाली जायला नको. सगळ्यात वर असलेला संघ म्हणत होता की रद्द कसलं, आम्हाला विजेते म्हणून मोकळे व्हा. जो तो आपल्या पोळीवर तूप ओढत होता. शेवटी असं ठरलं की उरलेले सामने खेळायचे, पण बघायला प्रेक्षक नकोत.

नियम कडक होते. संघ आणि संघाबरोबरची माणसं, सगळ्यांनी सहा आठवडे स्टेडियमसमोरच्या हॉटेलात राहायचं. घरी जायचं नाही, घरच्यांनी यायचं नाही. सोमवारी आणि गुरुवारी नाकात काडी घालून तपासणी. शिवाय रोज सकाळी सात प्रश्नांचा एक कागद भरून खाली सही करायची. ताप आहे का, खोकला आहे का, दम लागतो का, असं करत सहावा प्रश्न होता, वास येतो का. कोणी आजारी निघालाच तर त्याच्या जवळ वावरलेल्या सगळ्यांना चौदा दिवस खोलीत बंद, आणि उरलेल्यांतून अकरा जण उभे करता आले नाहीत तर सामना समोरच्याला बहाल. आता मामांच्या जवळ कोण वावरत नव्हतं? सगळा संघ कपड्यांसाठी त्यांच्या खोलीत आणि चोळून घ्यायला काकांच्या बाकावर.

त्या सहा आठवड्यांत काकांच्या मुलीला मुलगी झाली. लग्नानंतर दहा वर्षांनी झालेलं मूल. मुलीचं घर हॉटेलपासून चालत वीस मिनिटांवर, आणि काका हॉटेलात अडकलेले. मुलगी फोनवर रडायची. बाबा, पाच मिनिटं या, लांबून बघा. शेवटचा सामना आठवड्यावर आला तेव्हा मामांनाच राहवलं नाही. म्हणाले, जाऊन या, कोणी विचारलं तर मी सांगतो काका लॉन्ड्रीत आहेत. रविवारी काका मागच्या दाराने गेले. दोन मास्क लावून मुलीच्या घराच्या फाटकाबाहेर उभे राहिले, आणि मुलीने बाळाला फाटकाशी आणलं तेव्हा त्यांनी बाळाच्या तळपायाला अंगठा लावला. तेवढंच. परत येऊन दोन दिवस तो अंगठा मामांना दाखवत होते. चेष्टा करून करून मामा थकले.

शेवटचा सामना शनिवारी. एक गुण हवा होता, म्हणजे बरोबरी पुरेशी होती. गुरुवारची तपासणी झाली, सगळे निगेटिव्ह, मामासुद्धा. शुक्रवारी सकाळी मामांनी वाळवणीतून पहिली जर्सी काढली, उलटी केली, नाकाशी नेली. काही नाही. छान निघाली म्हणून दुसरी घेतली. तिसरी, चौथी. स्वच्छ धुतलेल्या कापडालाही एक वास असतो, उबेचा म्हणा, तोसुद्धा नाही. साबणाची बरणी उघडून तिच्यात नाक घातलं. मग बूट पुसायचा मेणाचा डबा, मग आदल्या दिवशीचे न धुतलेले मोजे. काहीही नाही. ताप नाही, खोकला नाही, अंगात कणकण नाही. मामा खाली बसले. त्यांना काय झालंय ते कळलं. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे त्यांनी स्वतःला अनेकदा समजावलं की तेव्हा नक्की माहीत नव्हतं. माहीत होतं.

तेवढ्यात काका आले. खोलीत यंत्रांनी उकडायचं, त्यामुळे आत आलं की दोघंही मास्क काढून खिशात घालत. काकांनी बाकावर चादर टाकली, डबा उघडला आणि सवयीने मामांकडे बघितलं. मामा गप्प. काकांना आश्चर्य वाटलं. म्हणाले, काय रे, आज ओरडला नाहीस?

एवढंच विचारलं. आणि मामा म्हणाले, "डबा बंद करा काका, नाक जळालं माझं."

काका खूश झाले. डबा घेऊन टेबलाशी आले आणि मामांच्या नाकाखाली धरून हलवायला लागले, घे, घे, उद्या बरोबरी झाली की हेच अत्तर लावून घरी जायचं. दोघांची तोंडं वीतभर अंतरावर. मामा हसले, खोटं खोटं शिंकले, हाताने डबा ढकलला. मग काका बाकाकडे गेले आणि मामांनी कागद पुढे ओढला. सहाव्या प्रश्नाला 'हो' लिहिलं. खाली सही केली. सही जरासुद्धा हलली नाही, याचं त्यांना नंतर फार वाईट वाटत राहिलं.

का केलं असं? विचारलं असतं तर त्या दिवशी मामांनी छाती पुढे काढून सांगितलं असतं. एका माणसाच्या नाकापायी उद्या सगळा संघ खोलीत बंद, सामना समोरच्याला, क्लब खाली, स्वयंपाकघरातल्या बाई घरी. नाही म्हणायला त्यात दुसरंही थोडं होतं. सव्वीस वर्षांत त्यांनी एक सामना चुकवला नव्हता, आणि हा तर सगळ्यांत मोठा. जर्स्या दुसऱ्या कोणी लावायच्या ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती.

सामना बरोबरीत सुटला. रिकाम्या खुर्च्यांसमोर पोरं एकमेकांच्या अंगावर पडून रडली. कप्तानाने आपली जर्सी काढून मामांच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाला, हुंगा आता. सगळे खो खो हसले. मामांनी हुंगली आणि नाक मुरडलं. लोक आणखी हसले. त्याच संध्याकाळी हॉटेल रिकामं झालं. सोमवारची तपासणी होणार नव्हती, कारण आता खेळायचंच नव्हतं. जो तो आपापल्या घरी गेला.

मामा घरी गेले आणि बायकोला दारातूनच सांगितलं की सहा आठवडे बाहेर होतो, उगीच धोका नको, मी मागच्या खोलीत वेगळा झोपेन, ताट दाराशी ठेव. तीन आठवडे तसेच राहिले. बायकोला कोण कौतुक. आमचे हे किती जपतात, असं तिने बहिणीला फोनवर सांगितलं. मामांना ते भिंतीपलीकडून ऐकू आलं. आपल्या घरापुरती अक्कल शाबूत होती म्हणायची. काकांना फोन करून जरा जपून राहा एवढं सांगायला ती सुचली नाही. सुचली नाही म्हणणंही खोटंच. दोनदा नंबर काढला आणि दोनदा ठेवून दिला.

बुधवारी काकांना ताप आला. क्लबच्या डॉक्टरबाईंनी सगळ्यांना फोन केले, कोणाला काही होतंय का. मामांनाही आला. मामा म्हणाले, मी ठणठणीत आहे. बाई पुढे काही विचारायच्या आधीच त्यांचा शोध संपला होता, कारण काकांनी स्वतःहून सांगून टाकलं होतं की मी नियम मोडून मुलीकडे गेलो होतो. सरळ माणूस तो. आता मुलीच्या घरी कोणीसुद्धा आजारी नव्हतं, हे कोणी ध्यानातच घेतलं नाही. क्लबाने एक निवेदन काढलं, एका कर्मचाऱ्याच्या बेजबाबदारपणाबद्दल खेद व्यक्त केला, नाव दिलं नाही. पण नाव द्यायची गरजच काय होती? पुढच्या वर्षासाठी काकांना बोलावणं आलं नाही.

काका आठवड्यात उठून बसले. काकूंना मात्र त्यांच्याकडून लागण झाली. ज्या काकू दर सामन्याला काकांच्या जेवणाच्या डब्यात मामांचा वाटा वेगळा बांधून द्यायच्या, त्या हॉस्पिटलात गेल्या त्या परत आल्या नाहीत. अकरा दिवस होत्या. शेवटचा निरोप द्यायला चारच माणसांना परवानगी होती, मामा त्यांत नव्हते. असते तरी ते कोणत्या तोंडाने गेले असते हा प्रश्नच आहे.

त्यानंतर चौदा महिने गेले. पुढच्या मोसमाआधी क्लबाने सगळ्यांचं रक्त तपासलं, आणि डॉक्टरबाई मामांना म्हणाल्या, तुम्हाला होऊन गेलाय की, कळलंसुद्धा नाही? मामांनी मान हलवली. बाई म्हणाल्या, असे पुष्कळ असतात. वास हळूहळू परत आला, प्रेक्षक परत आले, काकांच्या बाकाला डिग्रीवाला एक पोक्त गृहस्थ आला. तो पंप दाबून बिनवासाचं तेल काढायचा आणि मामांना साहेब म्हणायचा. मामा काम करत राहिले, पण जर्सी नाकाशी नेताना आता कोणी बघत नाही ना, हे आधी बघून घेत. काकांकडे ते महिन्यातून एकदा जायचे, फळं न्यायचे, हवापाण्याचं बोलायचे आणि घामाघूम होऊन जिना उतरायचे. प्रत्येक वेळी जाताना ठरवलेलं असायचं की आज सांगायचं. प्रत्येक वेळी वाटायचं, सांगून आता काय होणार, काकू थोड्याच परत येणार आहेत. मनाची समजूत घालायला मामा हुशारच होते.

पण समजूत पुरत नव्हती, कारण काका आणि त्यांची मुलगी बोलत नव्हते. चौदा महिन्यांत एकदाही नाही. मूल चालायला लागलं, काकांनी ते बघितलं नाही. मामांना वाटायचं, दुःखामुळे असेल, जाईल हळूहळू. मग एका गुरुवारी मामांची बायको बाजारातून आली ती सांगत की काकांच्या जावयाची बदली झाली, सगळं कुटुंब रविवारी परदेशी चाललंय, आणि मुलगी बापाला न भेटताच निघालीय. बायको म्हणाली, इतकं कसलं मेलं ते वैर, पोटच्या पोरीशी? मामांनी हातातला कप खाली ठेवला. बायकोला समोर बसवलं आणि तिला सगळं सांगितलं, आधी तिला. ऐकून ती इतकंच म्हणाली, "मी बहिणीला तुमचं कौतुक सांगितलं होतं." आणि आत निघून गेली. मामांनी चपला घातल्या.

काका दुसऱ्या मजल्यावर राहायचे. दार उघडंच होतं. शेजारच्या म्हातारबुवांचा घोटा मुरगळला होता, तो काका मांडीवर घेऊन चोळत होते. क्लब सुटल्यापासून असं कोणी ना कोणी यायचं. मामा भिंतीशी स्टुलावर बसले. म्हातारबुवांना घाई नव्हती, त्यांनी आधी घोट्याची, मग गुडघ्याची, मग सुनेची तक्रार सांगितली. पळून जावं असं मामांना तीनदा वाटलं. अखेर म्हातारबुवा लंगडत गेले आणि काकांनी दार लोटून विचारलं, आज गुरुवारी कसा काय, सराव नाही का?

"काका, तो आजार तुम्ही आणला नव्हता," मामा म्हणाले. "मी आणला होता."

आणि एकदा तोंड उघडल्यावर मग सगळं बाहेर आलं. शुक्रवार, जर्स्या, साबणाची बरणी, नाकाखाली धरलेला डबा, कागदावरची सही. बायकोपासून तीन आठवडे वेगळं झोपल्याचंही त्यांनी सांगितलं. ते सांगितलं नसतं तर चाललं असतं, पण अर्धं सांगायला ते आले नव्हते. काका टॉवेलने हात पुसत होते. एकेक बोट वेगळं धरून पुसत होते, आणि सगळी झाल्यावर पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.

मामांना वाटलं होतं काका ओरडतील. दोन मुस्कटात दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. काका ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, डॉक्टरबाईंचा फोन आला तेव्हा तरी वास येत होता का? मामा म्हणाले, नव्हता. काकांनी मान हलवली.

"आजाराचं मी तुला काही म्हणत नाही," काका म्हणाले. "तो कोणाकडूनही आला असता. पण ही हॉस्पिटलात गेली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पोरीला फोनवर बोललो. तू बोलावलं नसतंस तर तुझी आई आज घरात असती, असं बोललो. बाळंतीण पोर ती. तिने फोन ठेवला तो ठेवलाच. ही रोज विचारायची, पोरीचा फोन आला का. नर्सने हिच्या हातात फोन देऊन तीनदा लावून दिला, पोरीने उचलला नाही. मी हिला सांगायचो, बाळ जागवत असेल, झोपली असेल. अकरा दिवस मी तेच सांगितलं." ते थांबले. "तू तेव्हा तोंड उघडलं असतंस तर मी तिला तसं बोललो नसतो."

मामांना हे माहीत नव्हतं. चौदा महिने ते काकूंच्या मरणाचा भार वाहत होते आणि वाटत होतं की याहून जड काही नसणार. माझं चुकलं, असं ते म्हणाले, पण ते शब्द इतके तोकडे पडले की त्यांना पुन्हा म्हणवेना. ते स्टुलावर बसल्या जागी रडले. काकांनी त्यांना पाणी दिलं नाही, आणि थांबवलंही नाही.

थोड्या वेळाने काकांनी कपाटावरचा फोन घेतला, चष्मा लावून नंबर काढला, तो लावला आणि फोन मामांच्या हातात दिला. म्हणाले, तूच बोल, ती माझ्याशी बोलायची नाही. घंटी वाजत राहिली. मामांना मनातून वाटत होतं की उचलूच नये. सातव्या घंटीला उचलला.

"बाबा?"

"पोरी, मी मामा बोलतोय," मामा म्हणाले. "क्लबातला मामा."

पलीकडे तिचा आवाजच बदलला. बाबांच्या फोनवरून तुम्ही का बोलताय, बाबांना काय झालं, मामा, बाबा आहेत ना, असं ती एका दमात विचारायला लागली. फोनचा आवाज मोठा होता, काकांना सगळं ऐकू गेलं. त्यांनी मामांच्या हातून फोन ओढूनच घेतला. "आहे, आहे गं, मी आहे," ते म्हणाले. "काही झालेलं नाही मला." मग नुसतं एकमेकांचं रडणं ऐकत राहिले दोघं. मामा भिंतीकडे तोंड करून बसले होते, उठून जावं की थांबावं ते त्यांना कळत नव्हतं.

मग काकांनी फोन पुन्हा त्यांच्यापुढे धरला. मला सांगितलंस तसंच हिला सांग, म्हणाले, आणि काही गाळू नकोस.

मामांनी काही गाळलं नाही. तू बोलावलंस म्हणून काही झालं नव्हतं, हे त्यांनी तीन वेळा सांगितलं, तिला नीट कळावं म्हणून. मग त्यांचं सांगून संपलं. पलीकडे मूल काहीतरी आपटत होतं, तेवढाच आवाज येत होता.

"मामा," शेवटी ती म्हणाली, "आईचा फोन वाजत होता ना, तेव्हा तिन्ही वेळा फोन माझ्या हातातच होता."